कंट्रोल काय होता?

आमच्या सोसायटीतले वनस्पतिशास्त्राचे सर चहालासुद्धा 'छान' म्हणत नाहीत. 'कालच्यापेक्षा बरा' म्हणतात. शेजारच्या काकू कौतुकानं सांगायला लागल्या, "गुळवेलीचा काढा घेतला आणि तिसऱ्या दिवशी ताप पळाला बघा," तर सरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "आणि कंट्रोल काय होता?"

"कंट्रोल कसला मेला, चांगला एकशे दोन होता!"

"तसं नव्हे. काढा घेतला नसतात तर तिसऱ्या दिवशी गेला नसता, हे कशावरून?"

काकूंनी तेव्हापासून सरांना दुखणी सांगणं सोडलंय.

साताऱ्यातल्या कॉलेजात सरांची हयात गेली ती कुठल्या पाल्यात काय दडलंय हे बघण्यात. सध्या मुरुडशेंग चालू आहे. आपल्या आज्यांनी बाळगुटीत उगाळली, तीच ती पिळदार शेंग. गच्चीवर उन्हात वहिनींच्या कुरडया आणि टाकीच्या सावलीत सरांच्या शेंगा, खाली एकच जुनी साडी. शेंगा दळायला सरांनी घरचा मिक्सर एकदाच वापरला. त्यानंतर वहिनींनी स्वतःच्या पैशांनी त्यांच्या लॅबला नवा मिक्सर घेऊन दिला.

पाहुणा आला की त्याला लॅब बघावीच लागते. हौशी आजोबा नातवाला गाणं म्हणून दाखवायला लावतात, तसे सर डीपीपीएचची नळी काढतात. गडद जांभळं द्रावण. शेंगेच्या मेथॅनॉलमधल्या अर्काचे चार थेंब पडले की जांभळा रंग ओसरत जातो आणि खाली पिवळा उरतो. खरं तर नळी अर्धा तास अंधारात ठेवून मग ५१७ नॅनोमीटरवर रंग मोजायचा असतो, पण पाहुण्यांसाठी एक नळी उजेडात. "हे बघा अँटिऑक्सिडंट!" पाहुणा भारावला की सर लगेच पाणी ओततात, "चहानंही होतं म्हणा. आणि क जीवनसत्त्वानं तर चुटकीसरशी."

अँटिऑक्सिडंटनंतर कॅन्सर. त्यासाठी पेशी लागतात. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून सर त्या बाटलीत घालून एसटीनं घेऊन आले, मांडीवर धरून. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, बाटलीत काय?" सरांना खोटं बोलता येत नाही. "कॅन्सरच्या पेशी. जिवंत आहेत." शेजारचे दोघे उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहिले. साताऱ्यापर्यंत अख्खं बाकडं सरांचं. हा किस्सा सांगताना ते शेवटी न चुकता म्हणतात, "तिकीट मात्र एकाचंच घेतलं."

या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या. बाई १९५१ साली बाल्टिमोरला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या, पेशी अजून वाढताहेत. सर त्यांना 'लॅक्सबाई' म्हणतात. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पायात चपला सरकवून निघाले, "बाईंना खायला घालून येतो." पलीकडच्या बिऱ्हाडातल्या नव्या सुनेला वहिनींनी सगळं समजावून सांगितलं, तरी तिची शंका अजून गेलेली दिसत नाही.

अर्कानं या पेशी मेल्या का हे बघायची एमटीटी चाचणी रंगांच्या बाबतीत उलटी. चाचणीचं रसायन पिवळं, पण पेशी जिवंत असतील तर त्या त्याचं जांभळं करतात. म्हणजे जांभळं दिसलं की सरांचा चेहरा पडतो. तेवढ्यानंही भागत नाही, कारण काही अर्क पेशींच्या मदतीशिवायच जांभळं करून बसतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून पेशी न घालता नुसता अर्क घातलेले खळगे वेगळे ठेवायचे. कुणा विद्यार्थ्यानं ते ठेवले नाहीत, की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू येतं, "कंट्रोल काय होता?"

अशा माणसाच्या नशिबी एका स्थानिक पेपरात मथळा यावा, 'साताऱ्याच्या प्राध्यापकांनी शोधले कॅन्सरवर औषध'! सर बिचारे त्या बातमीदाराला तासभर 'बशीतल्या पेशी, बशीतल्या पेशी' सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून फाटकाशी माणसं. कुणाच्या हातात एक्स-रे, कुणाच्या हातात नुसतं पेपराचं कात्रण. सर लेंग्यावरच खाली उतरले आणि एकेकाला बाजूला घेऊन सांगत राहिले, "बशीतल्या पेशी तर फिनेलनंही मरतात. डॉक्टरांचं औषध एक दिवसही चुकवू नका." एक जण हटूनच बसला, काढा किती चमचे घ्यायचा तेवढं सांगा. सर त्याच्याजवळ पायरीवर टेकले. "आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी. अमेरिकेत यू झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल त्यांनी नि वॉलसाहेबांनी १९७१ साली जगापुढे मांडलं. ते औषध म्हणून मंजूर झालं १९९२ ला. एकवीस वर्षं! आणि मी तुम्हाला आज चमचे कसे सांगू?" मग त्याचे कागद वाचून, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून, त्याला रिक्षात बसवून दिलं.

दहाच्या सुमाराला गर्दी पांगली. राहिले एक म्हातारबाबा. त्यांनी पिशवीतून पानांची जुडी काढली. "सायेब, माजं काय बी दुखत न्हाई. ह्ये आमच्या बांधावर हाय. आमचा आजा गाठीवर लावायचा."

सकाळभर 'नाही, नाही' म्हणून सरांचा घसा बसला होता. त्यांनी एक पान चुरगाळून हुंगलं, उन्हात धरून शिरा बघितल्या. चष्मा कपाळावर गेला.

"याला फुलोरा कधी येतो? आणि आजोबा, मुळासकट कशाला हो उपटलंत!"