उत्तरदाती क्रमांक सात

समाजशास्त्राचा परदेशी विद्यार्थी पुण्यात लांबूनही ओळखू येतो. खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम, पायात कोरी कोल्हापुरी आणि टाचेला चिकटपट्टी. वय वीस-एकवीस. अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजातून एका सत्रासाठी आलेला. शेवटचा महिनाभर एकट्याने संशोधन करायचं, अहवाल लिहायचा आणि परतायचं. विषय भारदस्त: ‘शहरी मध्यमवर्गीय कुटुंबातील निर्णयप्रक्रिया’. म्हणजे घरात कोणाचं चालतं. हे सोसायटीचा वॉचमनही सांगेल, पण त्याच्याकडे संदर्भसूची नसते.

शबनममधून पहिल्यांदा निघतं ते संमतीपत्र. मुलाखत कधीही थांबवा, नको त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, तुमचं नाव कुठेही येणार नाही. इतका सज्जन कागद आपल्या कुठल्याही कचेरीत मिळायचा नाही. पण एका सहीपायी वाड्यातला हिस्सा गमावलेली आजी कागद दिसताच चष्मा काढून ठेवते. ‘‘बोलते हवं तेवढं. सही मुलगा आल्यावर.’’ निर्णयप्रक्रियेवरचं अख्खं प्रकरण त्या एका वाक्यात असतं. हा वहीत लिहितो: ‘संमती प्रलंबित’.

मग मुलाखत सुरू होते. त्याची. आईवडील काय करतात? वेगळे राहतात? अरेरे! मग सणाला कोणाकडे जातोस? कॉलेजची फी किती? कर्ज काढलंस? एवढं कर्ज काढून आमच्या स्वयंपाकघरात काय बघायला आलास रे बाबा? हा प्रश्न त्याच्या मार्गदर्शकालाही सुचलेला नसतो. रात्री रेकॉर्डिंग ऐकताना त्याला कळतं, की कुकरच्या शिट्ट्या वगळल्या तर बहुतेक वेळ आपणच बोलतोय, आणि एकदा तर आपला आवाजही भरून आलाय.

एका उत्तरदात्याने पुढच्याचा पत्ता द्यायचा, त्याने त्याच्या पुढच्याचा. शास्त्रात याला स्नोबॉल सॅम्पलिंग म्हणतात. आपल्याकडे हा गोळा कोथरूडला सुटतो तो नणंद, जाऊ, मावससासू, व्याही असा गडगडत थेट भोरला पोचतो. प्रत्येक थांब्यावर पोहे. नको म्हणावं तर माणसं दुरावतात, खावं तर दुपारची मुलाखत पेंगत होते. शेवटी तक्ता मांडल्यावर उलगडतं, की शहरी मध्यमवर्ग म्हणून आपण एकच खानदान तपासलं.

तरी त्या चिकटपट्टीला मला पुरतं हसता येत नाही. मॅक्सीन बर्नसन अशाच फलटणला पीएचडीच्या कामासाठी आल्या आणि तिथल्याच झाल्या. भारतीय नागरिकत्व घेतलं, शाळा काढली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरांच्या चळवळीवर प्रबंध लिहिला १९६९ साली. आपले कितीतरी प्राध्यापक तेव्हा तिकडे ढुंकूनही पाहत नव्हते.

अहवालात अर्थातच सगळी नावं झाकलेली. आजी खट्टू: ‘‘नाव का लपवलं? मी काय चोरी केलीय?’’ झाकून उपयोगही नसतो. व्हिडिच आणि बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावावर १९५८ साली पुस्तक काढलं, गावाचं आणि माणसांचं नाव बदलून. गावाने चार जुलैच्या मिरवणुकीत तीच टोपणनावं लावून फेरी काढली, आणि शेवटच्या गाडीत खतावर ओणवा झालेला लेखकाचा पुतळा.

आमच्याकडे खताची गाडी आली नाही, पीडीएफ आली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ‘उत्तरदाती क्रमांक सात सुनेविषयी बोलताना दाराकडे पाहतात.’ सात नंबर कोण, हे चहा उकळायच्या आत ठरलं. क्रमांक सातने तडक ग्रुप सोडला. त्यांच्या सुनेने, म्हणजे क्रमांक अकराने, त्या विद्यार्थ्याला ईमेल केली: माझ्या मुलाखतीच्या वेळी सासूबाई शेजारी बसल्या होत्या, तेव्हा ती धरू नये, पुढल्या वर्षी तुमच्यापैकी कोणी आलं तर मंगळवारी पाठवावं, मंगळवारी त्या भजनाला असतात.