आक्का गिरणी बघून आल्या

आमच्या आणि आक्कांच्या परसाच्या मध्ये तुराट्यांचा कूड आहे. तूर बडवून झाली की दरवर्षी तो नवा घालायचा आणि महिन्याभरात रांजणापाशी त्याला भगदाड पडायचं, हे ठरलेलं. भगदाडाचा आळ दोन्ही घरं एकमेकांच्या शेळ्यांवर घेतात. खरं म्हणजे गप्पा मारायला आम्हां दोघींना तीच जागा सोयीची.

परवा आक्का मुंबईहून आल्या. नातीला लोअर परळला नोकरी लागली, तिनं हौसेनं आजीला नेलं होतं. जाताना बार्शीहून लातूर-मुंबई गाडी, येताना ट्रॅव्हल्स. पहाटे चौरस्त्यावर उतरल्या आणि दुपारी सूप घेऊन भगदाडापाशी हजर.

“काय बघितलं आक्का? राणीची बाग? महालक्ष्मी?”

“महालक्ष्मी केली. पर त्याच्या आधी गिरणी बघितली.”

“बंद पडलेली?”

“बंद कशाची गं बया! माणूस मावंना आत.”

आक्कांचे थोरले भावजी बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला गेले होते. इकडं रोजगार हमीवर खडी फोडण्यापेक्षा तिकडं काहीतरी मिळेल म्हणून. गिरणगावात कोकणी आणि घाटावरचा माणूस जास्त; आपल्या भागातले कमी, पण होते. बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी दारावर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी आत, नाहीतर परत खोलीवर. पुढं साचेखात्यात कायम झाले. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप लागला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भावजी दोन महिन्यांनी परत जातो म्हणून येरमाळ्याला आले, ते इथंच राहिले. तो संप आजवर कुणी रीतसर मागं घेतलेला नाही. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलं तर आक्कांचे भावजी वारले तेव्हाही संपावरच होते.

“तर नातीला म्हणलं, आमच्या भावजींची गिरणी दाव,” आक्का तूर पाखडत सांगत होत्या. “ती म्हणली, ती पाडली आजी, तिथं टावर हाय. मग ही दुसरी दावली. फिनिक्स.”

फिनिक्स मिल म्हणजे आता मोठा मॉल. दारावर पिशव्या तपासतात. आक्कांच्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तपासणाऱ्या पोरानं फडकं सोडलं, वास घेतला आणि विचारलं, “कुठल्या मावशी?” येरमाळा म्हटल्यावर तो म्हणाला, “येडाईच्या?” पोरगा परळीकडचा निघाला. चैत्री पौर्णिमेला आईबरोबर चुन्याच्या रानात खडे वेचायला येऊन गेलेला. आक्कांनी त्याला तिथंच एक भाकरी दिली. नात म्हणे लाजून लांब जाऊन उभी राहिली.

“आत काय काय?”

“चिमणी राखलीया. धूर न्हाई, नुसती हुबी. भवतीनं कापडाची दुकानं. एक सदरा हातात घेतला. भावजी म्हणायचे, कापड डोळ्यानं बघू नये, अंगठ्यानं बघावं. म्हणून दोन बोटांत धरून चोळला. पोत बरा व्हता. पर नातीनं आतली पट्टी वाचली, तर बांगलादेशचा! किंमत इचारली तर नात म्हणली, ठिव खाली.”

मला हे ऐकून हसू आलं, आणि रागही. जिथं १८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली, जिथं पुढं अठ्ठावन्न गिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या मुंबईत गिरणीच्या आवारात बांगलादेशी सदरा. गिरण्या काही एकट्या संपानं मेल्या नाहीत. भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, मालकांनी नवी यंत्रं घातली नाहीत, आणि जमिनीचा भाव असा चढला की कापड विणणं हा त्या जागेचा सगळ्यात बिनफायद्याचा उपयोग ठरला. सगळं खापर डॉक्टरांवर फोडणं सोपं, म्हणून लोक फोडतात.

एवढ्यात समोरचे बाप्पा आले. बाप्पांचा अर्धा दिवस स्टँडवरच्या हॉटेलात जातो आणि उरलेला अर्धा तिथं ऐकलेलं गावभर वाटण्यात.

“आपल्या बार्शीच्या मिलवर बी मॉल येनार हाय म्हणं,” बाप्पा म्हणाले.

बाप्पांच्या “म्हणं”वर आमच्या गल्लीत दोन सोयरिकी मोडल्या आहेत, तेव्हा ते तेवढंच धरायचं. पण मिल बंद आहे हे खरं. बार्शी टेक्स्टाइल मिल, जिला आपण जयशंकर मिल म्हणतो, ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्र सरकारची. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या थांबल्या, त्यात ही थांबली. सोलापुरात तर आधीच सगळं आटोपलंय. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक करत गेल्या. आता ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उरलीत.

“मग हुईल की मॉल. चांगलं हाय. पोरांना काम मिळंल,” आक्का म्हणाल्या. “परळीच्या पोराला मिळालंच की.”

“मिळेल. पण जागा वाटायची कशी, ते आधी बघावं लागतं आक्का.”

“वाटायची? मालकाची जागा, मालक इकंल.”

इथं मला आक्कांना सूप खाली ठेवायला लावावं लागलं. मुंबईच्या गिरण्यांना नियम होता. १९९१ च्या विकास नियमावलीत अठ्ठावन्नावं कलम घातलं. गिरणी पाडून दुसरं काही बांधायचं असेल तर जागेचे साधारण तीन वाटे: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मालक पुढं येईनात. जुन्या शेड न पाडता त्यातच दुकानं, हाफिसं, हॉटेलं थाटायला लागले. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया या वास्तुशास्त्रज्ञाच्या समितीनं महामंडळाच्या गिरण्यांसाठी अहवाल दिला, की सुट्या सुट्या जागा विकू नका, सगळ्यांचा मिळून एक आराखडा करा, म्हणजे सलग मोकळी जागा निघेल. तो बासनात गेला. आणि २००१ मध्ये नियम बदलला.

“बदलला म्हंजी?”

“आक्का, तुमच्या सासऱ्यांची वाटणी आठवते ना? समजा थोरला म्हणाला असता, तीन वाटे करू, माझी ना नाही. पण मोजायचं फक्त पडीक रान. ज्या जागेवर वाडा, गोठा, कडब्याची गंज आहे ती मोजायची नाही. उद्या मी गोठा पाडला तरी त्याखालची जागा माझीच.”

आक्का थांबल्या. “मग धाकट्याला काय, बांध?”

“बांधच.”

गिरणी म्हणजे सगळी शेडच असते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खाती. मोकळी जागा किती असणार? तीन वाटे कागदावर राहिले, पण मोजायची जमीनच आकसली. लोक कोर्टात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि सरकारचा बदल कायम झाला.

बाप्पांना कोर्टात गोडी नाही, आकड्यात आहे. म्हणून त्यांना सांगितलं, २००५ मध्ये महामंडळानं मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली. घेणाऱ्यानं सात वर्षांनी तीच जागा २,७०० कोटींच्या वर पुढं विकली. दादरची कोहिनूर मिल नंबर तीन ४२१ कोटींना गेली.

“सात वर्षांत चौपट!” बाप्पांनी भिंतीला पाठ टेकली. “सोयाबीनला काय भाव चाललाय आन् हे...”

त्यांना तिथंच सोडून आक्कांनी आपली गोष्ट पुढं ओढली. नातीनं त्यांना श्रीनिवास मिलच्या जागेकडंही नेलं होतं. तिथं वर्ल्ड वन नावाचा २८० मीटर उंच टॉवर आहे. मान मागं टाकून बघताना आक्कांचा पदर पडला. आणि त्याच गिरणीच्या जमिनीतून म्हाडाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी ५४४ घरं. १ मार्च २०२० ला सोडत निघाली त्यात बॉम्बे डाईंगची ३,३५० आणि श्रीनिवासची ही ५४४. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेनऊ लाख.

भावजींच्या खात्यातल्या एका सोबत्याच्या पोराला असंच सोडतीत घर लागलंय. आक्का त्याच्याकडं चहाला जाऊन आल्या.

“पंधरा बाय पंधरा धर सगळं मिळून. पर आत नळ, आत संडास. त्याची आई चाळीत चाळीस वरसं रांगंत उभी राहिली. ती आता दार लावून आंगुळ करती, मला तेच चार बारी सांगितलं. खिडकीतनं ह्यो मोठा टावर दिसतो. मी म्हणलं, वळख हाय का तिकडल्या कुणाची? तर म्हणली, त्यांचं दार दुसऱ्या अंगाला.”

सव्वादोनशे फुटांना नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मी मुरडणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यांनी झोपणारी दहा-बारा माणसं जिथं राहत होती, तिथं हे घर वैभव आहे. माझं म्हणणं वेगळं. २०१२ पासून २०२० पर्यंतच्या सोडती मिळून घरं निघाली १५,८७०, त्यातलीही २,४१७ पनवेलजवळ कोनला. आणि अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवतात.

“वांगणी कुठं आली?”

“बदलापूरच्या पुढं. शेलू तर कर्जत तालुक्यात.”

“मग इथं येरमाळ्यालाच बांधा की,” आक्का म्हणाल्या. “निदान हवा चांगली हाय.”

हे आझाद मैदानावर ९ जुलै २०२५ ला जमलेल्या कामगारांनी ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांचं मागणं सरळ होतं: घर मुंबईत द्या.

बाप्पा म्हणाले, “पर मुंबईला तरी काय मिळालं? नुसत्या काचा.”

तेही अगदी खरं नाही. दादरची इंदू मिल बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली, चैत्यभूमीला लागून. ११ ऑक्टोबर २०१५ ला तिथं भूमिपूजन झालं. काळाचौकीच्या युनायटेड मिलमध्ये कापड गिरण्यांचं संग्रहालय करायचं चाललंय. पण गिरण्यांच्या जागी जी नवी वस्ती उभी राहिली तिला रस्ते आणि पूल जुनेच. आक्का सांगत होत्या, लोअर परळला संध्याकाळी गर्दीनंच उचलून त्यांना जिन्यावरून खाली आणलं, पाय टेकावे लागले नाहीत. त्या हसून सांगत होत्या. मला शेजारचं स्टेशन आठवत होतं. तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी. गिरण्यांच्या आवारात हजारोंनी हाफिसं आली, पूल मात्र तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला त्या पुलावर चेंगरून २३ माणसं मेली. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घेतला. त्याच वर्षी २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ गेले.

बाप्पा जरा वेळ काही बोलले नाहीत, म्हणजे विषय गंभीर झाला होता. मग म्हणाले, “बार्शीच्या मिलचं काय करावं म्हणता?”

मी कोण म्हणणार? पण गिरणी पुन्हा चालली तर सोनं. नाहीच चालली आणि जागा विकायची वेळ आली, तर मॉल होणार की प्लॉट पडणार हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, मोजणी कुठून कुठवर धरणार? शेडसकट की शेड सोडून? हे टेंडर निघायच्या आधी विचारायचं असतं. मुंबईकरांनी विचारलं तेव्हा नियम बदलून चार वर्षं झाली होती.

आक्कांनी तूर डब्यात ओतली आणि हळूच विचारलं, “भावजींचा अर्ज भरलाय गं मागं पुतण्यानं. आता कागद मागत्यात म्हणं. जाऊबाईंच्या ट्रंकेत लाल पास हाय, चुरगळलेला. चालंल?”

चालेल आक्का. आणि हे फक्त आक्कांना नाही. येरमाळा, कळंब, वाशी, भूम, बार्शी, जिथं कुठं हे वाचाल तिथं, घरातलं कुणी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर मुंबईच्या गिरणीच्या पटावर असेल आणि घरासाठी अर्ज भरलेला असेल, तर ट्रंका उघडा. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयचा नंबर, जे सापडेल ते बाजूला काढा. कामगार हयात नसेल तर वारसाचे कागद जोडा. पात्रता ठरते ती म्हाडा आणि कामगार विभागाकडं. स्टँडवर “माझी वरपर्यंत ओळख हाय” म्हणणाऱ्याकडं नाही. त्याला झेरॉक्ससुद्धा देऊ नका, आणि मूळ कागद तर घराबाहेर काढायचाच नाही.