पंधरावं रत्न

मोटरहोम 2002ची, फोर्डच्या ई-450 चासीवर बांधलेली. व्ही-10 इंजिन, वजन सहा टनांच्या घरात. गिअरबॉक्सचं तेल बदलायला एका गॅरेजवाल्याने उंची बघूनच नकार दिला. दुसऱ्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून माझ्यातला मेकॅनिक खडबडून जागा झाला. त्यातून सासरे सांगलीहून ओहायोला आलेले. त्यांची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. त्यांच्यासमोर जावयाने "परवडत नाही" म्हणायचं?

"क्लच कुठाय, जावईबापू?"

मी व्याख्यान सुरू केलं. ऑटोमॅटिकला क्लचचं पेडल नसतं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात तेलाच्या जोरावर...

"म्हणजे तेल गेलं की गाडी उभी," ते म्हणाले आणि खुर्ची सावलीत सरकवून बसले.

या गिअरबॉक्सच्या पॅनला तेल सोडायचं बूचच नाही. एका बाजूचे बोल्ट काढत जायचे, समोरचे दोन-तीन नुसते सैल ठेवायचे. मग पॅन कलतो आणि तेल मुकाट एका कडेने पडतं. मी पक्षपात नको म्हणून चारी बाजूंचे बोल्ट सारखेच सैल केले. तेलानेही पक्षपात केला नाही. गळती कुठली ते कळावं म्हणून हे तेल लाल रंगवतात. मला रंगाची गरज पडली नाही, ते कॉलरमधून आत शिरत होतं.

आणि पॅनच्या तळाशी प्लॅस्टिकचा तुकडा! माझे हातपाय गळाले. आतलं काहीतरी तुटलं, आता नवा गिअरबॉक्स, म्हणजे पोराचं कॉलेज गेलं! सासऱ्यांनी मात्र पॅनमधल्या लोहचुंबकावरचा करडा, लोण्यासारखा थर चिमटीत घेऊन चोळला. "कच नाही. बॉक्स ठणठणीत आहे."

नवा फिल्टर बसेना. जुन्याचं रबरी सील वरच भोकात चिकटून राहिलेलं. तेही त्यांनीच दाखवलं, खुर्चीतून न उठता.

डिपस्टिकच्या नळीतून नवं तेल ओतलं. पॅन काढला तरी निम्मं जुनं तेल कन्व्हर्टर नि कूलरमध्येच राहतं, त्यामुळे ही आंघोळ अर्धीच. इंजिन तापवून, चालू ठेवून, 'पार्क'मध्ये पातळी बघत होतो, तेवढ्यात आवाजाने शेजारचे आजोबा आले. ट्रक दुरुस्त करून निवृत्त झालेले. मी थरथरत्या हाताने तो तुकडा पुढे केला.

ते पोट धरून हसले. कारखान्यात डिपस्टिकच्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून हे बूच ठोकतात. पुढे नळी बसवताना ते आत ढकललं जातं आणि पॅनमध्ये पडून राहतं. कोणीतरी पहिल्यांदा पॅन उघडेपर्यंत.

पहिल्यांदा?

मी धावत जाऊन आधीच्या मालकाने दिलेली वही आणली. 'गिअरबॉक्सचं तेल व फिल्टर बदलला' अशी नोंद दोनदा, तारखेनिशी, खाली सही.

सासऱ्यांनी चष्मा पुसून वही लांब धरली.

"अक्षर मात्र सुरेख आहे हो."