कोलगेटवर बसा

प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एक गृहस्थ असतोच की, ज्याची दृष्टी आपल्यावर पडू नये म्हणून आपण भर बाजारात रस्त्याची बाजू बदलतो, आणि जो नेमका त्या दुसऱ्या बाजूलाच आपली वाट पाहत उभा असतो. आमच्या वाट्याला आलेल्या या गृहस्थांना सारे अमळनेर 'जिभाऊ' म्हणते. भेटल्याबरोबर ते प्रकृतीची चौकशी करीत नाहीत, पावसापाण्याचे बोलत नाहीत, आपल्या हातातील पिशवी, पायांतील वहाण किंवा नाकावरील चष्मा यांपैकी जे काही नवे असेल त्यावर बोट ठेवून विचारतात, "मुद्दलातून, की लाभांशातून?" आणि 'पगारातून' असे उत्तर देणाऱ्या माणसाकडे अशा काही अनुकंपेने पाहतात की, घेतलेली वस्तू त्याच पावली दुकानदाराला परत करून यावी असे वाटू लागते.

त्यांच्या घरी प्रथम जाणाऱ्या मनुष्याची तर विलक्षण त्रेधा उडते. "या, या, बसा त्या कोलगेटवर," असे म्हणून ते एका शिसवी खुर्चीकडे हात करतात. पाहुणा बिचारा दंतमंजनाची नळी कोठे पडली आहे काय, म्हणून खुर्ची झटकून पाहतो. मग त्याला कळते की, ती खुर्ची कोलगेट कंपनीच्या लाभांशातून घेतलेली असल्यामुळे या घरात तिचे नाव कोलगेट असे आहे. कपाट नेस्लेचे, म्हणजे कपाटच नेस्ले. शेगडी कॅस्ट्रॉल. "अहो, पाहुणे आलेत, कॅस्ट्रॉलवर चहा ठेवा," हे वाक्य ऐकून एका इन्शुरन्स एजंटाने चहा नको म्हटल्याचे मी स्वतः पाहिले आहे. छताचा पंखा हिंदुस्थान लीव्हर. २००७ साली त्या कंपनीने आपले नाव बदलून हिंदुस्थान युनिलिव्हर केले, तरी पंख्याचे बारसे पुन्हा झाले नाही, कारण नामांतरास लाभांश मिळत नाही, असे जिभाऊंचे मत पडले. मे महिन्याच्या खानदेशी उकाड्यात प्रथमच मुक्कामास आलेल्या धाकट्या जावयांना निजताना सासऱ्यांनी सांगितले, "रात्री उकडलं, तर लीव्हर वाढवा." त्या सत्शील तरुणाने मध्यरात्री उठून भिंतीवर, पलंगाखाली आणि शेवटी देवघरामागे एखादा दांडा हाती लागतो काय, याचा शोध घेतला, आणि पहाटे तो ओट्यावर सतरंजी टाकून निजलेला आढळला.

ही दौलत कोणत्याही वडिलोपार्जित तिजोरीतून निघालेली नाही. जिभाऊ धुळ्यातील एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हाचा काळ असा होता की, १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने अनेक परदेशी कंपन्यांना येथील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत उतरविणे भाग पाडले होते. आणि नव्याने विकावयाच्या शेअरांचा भाव ठरविण्याचा अखत्यार दिल्लीच्या भांडवल नियंत्रकाकडे असल्यामुळे, उत्तम चालणाऱ्या कंपन्यांचे शेअर त्यांच्या खऱ्या किमतीहून पुष्कळ स्वस्तात सामान्य माणसाच्या दारी आले होते. दारी आले होते हे खरे. दार उघडले फार थोड्यांनी. आग्रा रोडवर सायंकाळी चहा पीत सरकारच्या धोरणाचा पंचनामा करणाऱ्या सहकाऱ्यांना सोडून जिभाऊ १९७८ साली कोलगेटचा अर्ज भरून आले, आणि पुढे नोकरीत असेतोवर लाभांशाचा रुपया न् रुपया त्यांनी पुन्हा शेअरांत घातला. घर पगारावर चालले. हौस कशावरच चालली नाही. ज्या वर्षी लाभांशाची वार्षिक बेरीज वार्षिक पगारापेक्षा सव्वाअकरा रुपयांनी अधिक भरली, त्या वर्षीच्या ३१ मार्चला त्यांनी साहेबांच्या मेजावर राजीनामा ठेवला. कारणाच्या जागी लिहिले होते, 'सबब, आता गरज नाही.' तो अर्ज कचेरीच्या दफ्तरात अद्याप असल्याचे सांगतात, आणि वरिष्ठांनी झापलेले तरुण कारकून तो काढून वाचतात, असेही सांगतात. त्या दिवसापर्यंत घरात खुर्ची नव्हती. कोलगेट ही पहिली.

तेव्हापासून त्यांच्या संसाराची घटना एका कलमात सामावली आहे: "मुद्दलले हात लावानं नही." शेअर विकणे हा शब्द त्या घरात उच्चारला जात नाही. प्रत्येक खर्चास एक कंपनी नेमलेली आहे, आणि एका कंपनीचा पैसा दुसऱ्या कंपनीच्या खर्चास वळविणे, हा त्यांच्या लेखी अफरातफरीचा गुन्हा आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून सखाराम महाराजांच्या दिंडीबरोबर ते पंढरीस जातात, आणि तो खर्च आयटीसीच्या खाती पडतो. सिगारेटच्या पैशांवर वारी केलेली पांडुरंगाला चालते का, असे मी एकदा खवचटपणे विचारले, तेव्हा ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "आपण ओढत नाही. ओढणाऱ्याकडून वसूल करून देवाच्या दारी नेतो. आणि ती कंपनी आता कणीकही विकते." २०२०च्या १ एप्रिलपासून लाभांशावरील कर कंपनीऐवजी भागधारकाच्या माथी आला. त्या दिवशी सारा देश टाळेबंदीत साथीच्या भीतीने गप्प बसला होता. जिभाऊही गप्प बसले होते, पण ते कराच्या सुतकात.

या गृहस्थांनी राहावे कोठे, तर अमळनेरात! १९४५च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजींनी येथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, दुसऱ्याच वर्षी तिचे शेअर लोकांना देऊ केले, १९६६त त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतले, आणि तुपासाबणाच्या त्या कारखान्याची पुढे विप्रो झाली, हा इतिहास अमळनेरच्या पोराटोरांना तोंडपाठ आहे. नव्या वारसदाराला पहिल्याच सभेत एका भागधारकाने 'तुम्ही आपले शेअर विकून मोकळे व्हा' असा सल्ला दिला होता, म्हणतात. येथे ज्यांच्या आजोबांनी शेअर ठेवले, ते नव्या रंगाच्या घरांत राहतात, आणि ज्यांच्या आजोबांनी विकले, ते त्या घरांवरून जाताना हिशेब करतात. हिशेब असा: १९९७च्या बोनसाआधी ज्याच्यापाशी १०० शेअर होते, त्याचे त्या बोनसाने ३०० झाले, १९९९त दहा रुपयांच्या शेअराचे दोन-दोन रुपयांचे तुकडे पडून १,५००, २००४त ४,५००, २००५त ९,०००, २०१०त १५,०००, २०१७त ३०,०००, २०१९त ४०,०००, आणि २०२४च्या डिसेंबरात ८०,०००. गाडीची वाट पाहत स्टेशनवर बसलेले वृद्ध हा पाढा एकमेकांना म्हणून दाखवतात.

अशा गावात विप्रोला नाक मुरडणारा मनुष्य एकच. "बोनस म्हणजे काय? एका भाकरीच्या चार चतकोर. पोट तेवढंच भरतं," असे ते भर पानटपरीवर म्हणतात. हे शास्त्रशुद्ध आहे. बोनसाने कंपनीची किंमत कवडीनेही वाढत नाही, हे कोणताही जाणता हिशेबनीस सांगेल. परंतु कोट्यधीशांच्या नातवांसमोर हे बोलण्यास जी छाती लागते, ती केवळ शास्त्राने येत नाही, अशी मला प्रथमपासून शंका होती. त्यांच्या हिशेबाच्या चोपडीत विप्रोचे पान नाही, आणि विषय निघाला की त्यांचा आवाज अर्धी पट्टी वर चढतो.

वहिनींचा उल्लेख इतका उशिरा यावा, हे त्या घराच्या रीतीस धरूनच आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ब्रिटानियाने पार पाडली, आणि तेव्हापासून त्या डोळ्याचे नाव ब्रिटानिया. डाव्या डोळ्यासाठी जी कंपनी नेमली होती, तिने त्या साली लाभांश दिला नाही. मोतीबिंदू पिकला होता. लाभांश पिकला नव्हता. दुसऱ्या एखाद्या खात्यातून तजवीज करा, असे जावयांनी सुचविले. त्या खात्यावर गळक्या छपराचा बोजा आहे, असे उत्तर मिळाले. मी स्वतः शब्द टाकला, तेव्हा माजघरातून वहिनींचाच आवाज आला, "एक डोयाले दिखस ना, तितलं बस शे!" असल्या वेळी हसावे की त्या कोलगेटला लाथ मारून बाहेर पडावे, हे मला आजतागायत ठरविता आलेले नाही. नोकरीच्या साहेबापासून सुटका करून घेण्यासाठी ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्याने मुद्दल नावाचा दुसरा साहेब घरात आणून बसविला होता, आणि या साहेबाकडे रजेचा अर्जही चालत नव्हता.

इतके लिहून झाल्यावर मला नाइलाजाने त्यांच्या बाजूचेही लिहिले पाहिजे. सलग सात वर्षे ज्या शेअरांचा लाभांश कोणी उचलत नाही, ते शेअर कायद्याने केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. अमळनेर, पारोळा, चोपडा या बाजूला जुन्या पेट्यांच्या तळाशी, लुगड्यांच्या घड्यांखाली, असे किती कागद पडून आहेत, याची गणती नाही. एखाद्या विधवेला तो पिवळा पडलेला दस्तऐवज सापडतो, त्यावर दिवंगत सासऱ्याचे नाव, तेही आद्याक्षरे चुकलेले, आणि मग सुरू होते ती यातायात: मृत्यूचा दाखला, वारसदाखला, मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्र, हरवलेल्या प्रमाणपत्राची पोलिसांत फिर्याद, बँकेकडून सहीची साक्ष, डिमॅट खाते, आणि शेवटी आयईपीएफ-५ नावाचा अर्ज. ही सारी लिखापढी जिभाऊ करून देतात. दुपारचे ऊन टळले की त्यांच्या ओट्यावर बायका पिशव्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याकडून ते छदाम घेत नाहीत. कोणी कृतज्ञतेने पेढे आणले, तर 'हे कोणत्या खाती दाखवू?' म्हणून परत पाठवितात. सरकारी कचेरीत मिळवलेले सारे शिरस्तेदारी कसब हा माणूस नोकरी सोडल्यावर, कोणाचाही हुकूम नसताना, फुकट वापरतो, आणि ज्याच्या वेळेवर कोणाचाही हक्क उरलेला नाही अशा माणसालाच ते परवडते, हे कबूल करणे मला भाग आहे. अर्थात, काम झाल्यावर त्या बाईला ते बजावतात, "विकू नको, माय. मुद्दलले हात लावानं नही." आणि ती बाई पुढच्याच आठवड्यात विकते, मुलीचे लग्न करते, आणि सुखात राहते.

असाच एकदा ते ओट्यावर अडकले असताना वहिनींनी मला आत चहा दिला आणि सहज एक हकिगत सांगितली. जिभाऊंचे वडील अमळनेरजवळच्या एका खेड्यातील कोरडवाहू शेतकरी. तूप-कंपनीचे थोडेसे शेअर त्यांच्याकडे होते. १९६६-६७च्या सुमारास त्यांनी ते विकले आणि शेतात विहीर खणली. म्हणजे पाढा म्हणणाऱ्या, घरावरून जाताना हिशेब करणाऱ्या त्या मंडळींतलेच हे एक! मला वाटले, आता विहिरीला पाणी लागले नसणार आणि त्या डंखातून हे सारे मुद्दल-पुराण उद्भवले असणार. पण वहिनी म्हणाल्या, पाणी लागले; चांगले लागले. १९७२च्या दुष्काळात सारे शिवार खडी फोडायला गेले, तेव्हाही ती विहीर तळ दाखवीत नव्हती. तिच्यावर गहू झाला, कांदा झाला, आणि त्या कांद्यावर जिभाऊ मॅट्रिक झाले, प्रताप कॉलेजात शिकले, कारकून झाले. पहिला कोलगेटचा अर्ज ज्या पगारातून भरला, तो पगार त्या विहिरीतून आला होता. ही गोष्ट त्यांनी आपण होऊन कधी कोणाला सांगितलेली नाही. वडिलांनी शेअर विकले, एवढेच त्यांनी लक्षात ठेवले, आणि बाकीचे खाते लिहायचे राहून गेले.

माझ्या जिभेला हाड नाही. चहा संपवून बाहेर आलो आणि विचारले, "जिभाऊ, त्या विहिरीचा लाभांश आपण कोणत्या पानावर जमा धरलात?"

त्यांनी चोपडी मिटली. "विहीर शेअरबाजारात नाही," ते म्हणाले, आणि समोरच्या बाईच्या प्रतिज्ञापत्रात एक वेलांटी चुकली आहे, म्हणून तिच्यावर विनाकारण ओरडले.

दोनएक महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा वहिनी काळा चष्मा लावून भरताची वांगी निवडत बसल्या होत्या. डाव्या डोळ्याचे काम जळगावला झाले होते. मी हर्षाने विचारले, "वहिनी, आणि या डोळ्याचं नाव काय?" त्यांनी मान हलविली. विचारले तर बोलत नाहीत, म्हणाल्या. चोपडीही हल्ली कपाटात, कुलपात असते. म्हणजे नेस्लेत. मी जिभाऊंकडे पाहिले. त्यांनी कोलगेट माझ्याकडे सरकवीत, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत, मोठ्या लगबगीने विचारले, "तुमचा १५-एच भरला का यंदाचा?" तो अर्ज साठी उलटलेल्यांनी भरायचा असतो आणि मला साठीला अजून पुष्कळ अवकाश आहे, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.