रंग आला, चहा राहिला

चहा बिघडतो तो पातेल्यातच. पाण्याला उकळी फुटते, साखर आणि पावडर पडते, मागोमाग दूध पडते, तांबूस रंग चढतो आणि करणारा गॅस बंद करतो. ‘झाला चहा’ म्हणून कप पुढे येतो. तो झालेला नसतो. त्याला रंग आलेला असतो, एवढेच. अशा चहात दुधाचा कच्चा वास वेगळा येतो, पत्तीचा तुरटपणा वेगळा लागतो, साखर वेगळी लागते आणि पिणाऱ्याने ‘छान झालाय’ म्हणायचे असते. ही गोष्ट लहान आहे हे मला मान्य आहे. पण ती घराघरांत दिवसातून दोनदा घडते आणि तिचा मला खरोखर त्रास होतो.

रंग इतक्या लवकर येतो त्याला कारण आहे. आपल्याकडे किराणा दुकानातून जी दाणेदार पावडर येते, जिला ममरी म्हणतात, ती सीटीसी पद्धतीने तयार होते. १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर यांनी ही पद्धत काढली. कोमेजवलेली पाने दातेरी रुळांमधून जातात. तिथे ती चिरडली, फाडली आणि गुंडाळली जातात. पानाच्या पेशी फुटल्यामुळे हवेचा परिणाम झपाट्याने होतो, आणि पुढे या दाण्यातला रंग व कडकपणा उकळत्या पाण्यात बघता बघता उतरतो. थोड्या पावडरीत जास्त कप होतात. दूध-साखरेपुढे टिकेल असा कडकपणा याच चहात असतो, म्हणून तो आपल्याकडे रुजला. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण दाण्याने रंग लवकर सोडला म्हणून चहाही लवकर होतो, हे कोणी ठरवले? दूध घातल्यावर चहा दोन-तीनदा वर यावा लागतो आणि खाली बसावा लागतो. तेव्हा दुधाचा कच्चेपणा जातो, तुरटपणा मवाळ होतो, चहाला दाटपणा येतो. हे पातेल्यासमोर उभे राहूनच होते. चहा उतू जाईल या भीतीने लोक तो आधीच उतरवतात.

आल्याचेही तसेच. आले ठेचून आधी पाण्यात उकळायचे असते. कच्च्या आल्यात दुधाची प्रथिने तोडणारे द्रव्य असते, ते उकळत्या पाण्यात निकामी होते. शेवटी आठवण झाली म्हणून दुधात आले किसले तर चहा फाटू शकतो, आणि फाटला की दूधवाल्याचा उद्धार होतो. गवती चहाची पाती पाण्याबरोबरच पडली पाहिजे. वेलची मात्र शेवटी, कारण तिचा वास उडून जातो. यातले काहीही अवघड नाही. आपल्या आज्या हे रोज करत होत्या.

पुण्यातल्या जुन्या अमृततुल्यांमध्ये हे अजून पाहायला मिळते. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ही दुकाने नावारूपाला आणली. पितळी पातेले, खलबत्त्यात तिथेच कुटलेली वेलची, फडक्यातून गाळलेला चहा, आणि शेगडीजवळ बसून हे सगळे करणारा मालक. तिथे चहा सतत होत असतो, म्हणून ताजा असतो. आता तेच नाव नाक्यानाक्यावरच्या पाट्यांवर दिसते. आत जावे तर सकाळी केलेला चहा थर्मासमध्ये असतो आणि तोटी दाबली की कोमट होऊन पडतो. ही पाटी लावायला काही तरी परीक्षा असायला हवी होती असे माझे ठाम मत आहे.

साखरेबद्दल तर बोलायलाच हवे. आपल्याकडे साखर पातेल्यातच पडते, त्यामुळे ती सर्वांना सारखी मिळते. मधुमेह असलेल्या काकांना, लहान पोराला आणि नुकताच लाडू खाल्लेल्या पाहुण्याला एकच चहा. ‘कमीच घातलीय हो साखर’ हे वाक्य मी ज्या ज्या घरात ऐकले, तिथला चहा गोडच होता. बिनसाखरेचा मागितला तर घरात गडबड उडते, वेगळे भांडे ठेवावे लागते, आणि आपण पथ्याचे मोठे दुखणे घेऊन आलो आहोत अशा नजरेने सगळे बघतात. साखर वेगळी द्यायला एक वाटी आणि एक चमचा पुरतो. पूर्वी पाहुणा आला की ट्रेमध्ये साखरेचे भांडे असायचे. ते कुठे गेले, मला माहीत नाही.

कचेऱ्यांमधल्या यंत्रांवर चहाचे बटण असते. त्यातून दूधभुकटी, साखर आणि चहाचा अर्क यांचे मिश्रण गरम पाण्यात कालवून बाहेर येते. त्याच नळीतून आधी कोणी कॉफी घेतलेली असते, कोणी टोमॅटो सूप. त्यामुळे चहाला कॉफीचा वास आणि सुपाचा खारटपणा येतो. लोक तो घोट घेतात आणि संगणकाकडे वळतात. चार वाजता जागेवरून उठणे, दोन माणसांशी बोलणे, टपरीवर उभे राहून कटिंग घेणे, हा चहाचा मोठा भाग होता. यंत्र बसवणाऱ्यांनी तो हिशेबात धरला नाही.

डिप चहाची पिशवी भिजल्यावर ठेवायची कुठे, हेही कोणी सांगितलेले नाही. बशी दिलेली नसते.

कागदी कपाची तक्रार जास्त गंभीर आहे. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की, अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे राहिले तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. शिवाय तो कप बोटांना चटके देतो आणि दोन घोटांत संपतो. काचेचा ग्लास विसळायला एक बादली पाणी आणि एक माणूस लागतो, म्हणून टपऱ्यांवरून ग्लास गेले. ग्राहकांनी मागितले तर ते परत येतील. आपण मागत नाही.

चहाचे फायदे सांगणाऱ्यांनीही मला फार पिडले आहे. ग्रीन टी पिणारा माणूस दुधाचा चहा पिणाऱ्याकडे जरा वरून बघतो. दोन्ही एकाच झाडाची पाने. एकाचे ऑक्सिडीकरण होऊ देत नाहीत, दुसऱ्याचे पूर्ण होऊ देतात. दोन्हींत कॅफिन असते, त्याने तरतरी येते. थिअ‍ॅनिन नावाचे द्रव्यही असते. चहाने अमुक किलो वजन उतरते असे कोणी सांगितले तर त्याला चहा पाजू नये. उपयोगाची जी माहिती आहे ती मात्र कोणी सांगत नाही: जेवणाबरोबर किंवा जेवून लगेच चहा घेतला तर भाजी-डाळीतले लोह शरीराला कमी मिळते. आपल्याकडे पंडुरोग असलेल्या बायका थोड्या नाहीत. त्यांच्या हातात जेवणावर लगेच चहाचा कप देणे थांबवले पाहिजे. तासभराने द्यावा.

पुड्यावरही मला राग आहे. त्यावर सिनेनट असतो, सवलतीचा चमचा असतो, पण पाने कोणत्या बागेतली, कोणत्या महिन्यात खुडली, हे बहुधा नसते. चहा आपल्यापर्यंत कसा आला, हेही नसते. आसामात सिंगफो जमातीचे लोक इंग्रजांच्या आधीपासून चहा पीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला मणिराम दिवाण यांच्यामुळे त्या लोकांचा आणि त्या झाडाचा पत्ता लागला. १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला. पुढे मणिराम यांनी स्वतःचे मळे काढले, आणि १८५७च्या उठावात सामील झाल्याबद्दल १८५८ मध्ये इंग्रजांनी त्यांना जोरहाटला फाशी दिले. बहुतेक चहा बराच काळ परदेशी जात होता. तो इथल्या माणसाने प्यावा म्हणून विसाव्या शतकात स्टेशनांवर आणि गिरण्यांमध्ये मुद्दाम प्रचार झाला, चहा कसा करावा याचे फलक लागले. लोकांनी ते फलक बाजूला ठेवले आणि भरपूर दूध, साखर, आले घालून आपला चहा तयार केला. प्रचारकांना तो आवडला नाही, कारण त्यात पत्ती कमी लागत होती. तो चहा आपला आहे, आपण घडवलेला आहे, म्हणूनच तो निष्काळजीपणे केलेला मला बघवत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. कोणासाठी चहा टाकणार असाल तर आधी ‘साखर किती?’ एवढे विचारा, आणि पातेले सोडून जाऊ नका. रंग आल्यानंतरच्या पाच मिनिटांच्या गॅसला रुपया-दोन रुपयांहून जास्त खर्च येत नाही.