वायरीचे वस्ताद

मोबाइलचा चार्जर दुकानात जाऊन पैसे देऊन घ्यावा आणि घरी आणून लावावा, इतका सोपा व्यवहार आमच्या गल्लीत होत नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत चार्जर आधी 'पास' व्हावा लागतो. पास करणाऱ्या गृहस्थांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी उभ्या आयुष्यात लांग चढवलेली नाही आणि खासबागेत कुस्त्या बघायला गेले तरी त्यांचं अर्धं लक्ष फ्लडलाइटच्या केबलकडं असतं. पण ज्याच्यापुढं बाकीच्यांनी गप्प बसायचं, त्याला कोल्हापुरात दुसरं काय म्हणणार?

नोकरी शिवाजी उद्यमनगरात, एका फौंड्रीच्या इन्स्पेक्शन खात्यात झाली. कास्टिंग समोर आलं की व्हर्नियर लावायचा, ब्लो-होल शोधायचं, आणि नापास मालावर लाल रंगाचा फराटा ओढायचा. माल पास करण्यात त्यांना फारसा रस नव्हता, तो कुणीही करतो. फराटा ओढताना मात्र चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. रिटायर झाल्यावर कंपनीनं शाल आणि श्रीफळ दिलं. व्हर्नियर त्यांचा स्वतःचा होता, तोही घरी आला. आता घरात तपासायचं काय? वहिनींच्या भाकरीची जाडी त्यांनी मोजून बघितली. एकदाच. त्यानंतर मुलानं पुण्याहून नवीन फोन पाठवला, त्याच्या डब्यात चार्जर नव्हता, आणि वस्तादांना पुढच्या आयुष्याचं काम मिळालं.

राजारामपुरीतल्या मोबाइलच्या दुकानात ते शिरले की काउंटरवरचं पोरगं आत जाऊन मालकाला उठवतं. वस्ताद वायर हातात घेतात ती बाजारात म्हैस घेणाऱ्याच्या थाटात. आधी नुसती तोलायची. मग टोक उजेडाकडं धरून पिनेचं कवच एकसंध ओढलेलं आहे की पत्रा दुमडून सांधलाय ते बघायचं. मग मान, म्हणजे वायर जिथं पिनेत शिरते ती जागा. ती दोन्ही बाजूंना वाकवून कानाजवळ न्यायची. कान कशासाठी, हे मी विचारलेलं नाही. शेवटी खिशातून व्हर्नियर.

"तीन पॉइंट एक," वस्ताद जाहीर करतात. "आरं, ही वायर हाय का सुतळी? आत तांबं किती असंल? नुसतं रबर विकालायस."

"वस्ताद, फास्ट चार्जिंग हाय की. डब्यावर लिवलंय."

"डब्यावर माझंबी नाव लिही. मी फास्ट हाय का?"

अडॉप्टर असेल तर त्यांचा चष्मा कपाळावर जातो आणि ते मागची बारीक अक्षरं पूजा सांगितल्यासारखी मोठ्यानं वाचतात. आउटपुट पाच व्होल्ट तीन अँपिअर, नऊ व्होल्ट दोन पूर्णांक बावीस. नऊ गुणिले २.२२ म्हणजे जवळजवळ २० वॅट. हा गुणाकार ते गिऱ्हाइकाकडून करून घेतात. त्यानंतर भारतीय मानक ब्युरोच्या खुणेखालचा 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालायचा. नोंदणीतली कंपनी आणि डब्यावरची कंपनी जुळली तर ठीक. नाही जुळली तर मालकानं चहा मागवायचा, ही तिथली रीत पडून गेली आहे.

गल्लीतल्या काही लोकांना मध्यंतरी वाटलं होतं की आता वस्तादांचं राज्य संपलं. सप्टेंबर २०२३मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. २०१२पासून चाललेली ॲपलची वेगळी पिन गेली. २८ डिसेंबर २०२४पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या फोन-टॅबलेटला टाइप-सी सक्तीचं झालं. सगळ्यांचं भोक एकच झालं म्हटल्यावर निवडायचं काय उरलं? एका संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी हे वस्तादांना मुद्दाम ऐकवलं.

वस्ताद इतके खूश झालेले मी क्वचितच बघितलेत. "भोक एक झालं म्हणून वायर एक झाली का?" त्यांनी खिशातून तीन वायरी काढल्या. दिसायला तिन्ही सारख्याच. "ही साठ वॅटची. तीन अँपिअरच्या वर न्हाई जायची. ही शंभरची, हिच्या टोकात चिप हाय, ती चार्जरला सांगती की मी पाच अँपिअर सोसतो. आता ही तिसरी बघ, हिच्यावर लॅपटॉप चार्ज हुतोय, पण फोटो टाकायला गेलास तर सकाळ हुईल. डाटाचा वेग २००० सालचा, यूएसबी दोनचा. सेकंदाला ४८० मेगाबिट, बास!" पुढं त्यांनी ऐंशी वॅटच्या एका फोनला दुसऱ्या कंपनीचा पासष्ट वॅटचा चार्जर लावून दाखवला. फोन आपला पंधरा-वीस वॅटवर निवांत. दोघांची जलद चार्जिंगची भाषा वेगळी, त्यामुळं पाच-नऊ व्होल्टवर तडजोड झालेली. पूर्वी पिन जुळत नव्हती तेव्हा माणसाला निदान कळत तरी होतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते बिनतोड वाटतं, आणि त्याचाच त्रास होतो. हा माणूस निव्वळ बडबड्या असता तर आम्ही सगळे कधीच सुटलो असतो.

या पंथाचे आद्य पुरुष अमेरिकेत आहेत, हे मला वस्तादांकडूनच कळलं. बेन्सन लियुंग नावाचा गूगलचा इंजिनिअर २०१५च्या अखेरीला ॲमेझॉनवरच्या टाइप-सी वायरी स्वतः विकत घेऊन एकेक तपासायला लागला आणि ज्या नापास त्यांच्याबद्दल जाहीर लिहायला लागला. बऱ्याच वायरींत ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असायला हवा तिथं भलताच असायचा. फेब्रुवारी २०१६मध्ये अशाच एका चुकीच्या जोडणीच्या वायरीनं त्याचा लॅपटॉप निकामी केला. वस्ताद ही हकिगत सांगतात तेव्हा आवाज खाली येतो. पावनखिंडीच्या खालोखालचा मान आमच्या कट्ट्यावर त्या लॅपटॉपला आहे.

पॉवर बँक हा त्यांचा आवडता बळी. लग्नात, वाढदिवसाला, निवडणुकीच्या आगेमागे कुणाकुणाचे हात जोडलेले फोटो छापलेल्या पॉवर बँका वाटल्या जातात, त्यातली प्रत्येक वस्तादांच्या ओट्यावर येते. "दहा हजार एमएएच लिवलंय," माणूस म्हणतो. वस्ताद खडूनं फरशीवर हिशेब मांडतात. दहा हजार हे आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टला. म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर देताना पाच व्होल्ट, की झाले ७,४०० आणि गरम होण्यात जाईल ते वेगळं. हातात साडेसहा हजार पडले तरी देव पावला. एकदा एका पुढाऱ्याची पॉवर बँक वजनाला भलतीच भरली म्हणून उघडली, तर आत एकच बारका सेल आणि शेजारी लोखंडाची पट्टी. "कास्टिंग बरं हाय," वस्ताद पट्टी निरखत म्हणाले. "ब्लो-होल न्हाई."

विमानानं तिरुपतीला निघालेल्या एका काकूंनाही याच फरशीवर शिकवणी मिळाली. वीस हजारची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास, शंभरच्या आत, चालते. पण ठेवायची हातातल्या पिशवीत, सामानाच्या बॅगेत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पॉवर बँक घरीच ठेवली. "देवाच्या दारात परीक्षा नको," म्हणाल्या.

या माणसाची आम्ही इतकी टिंगल करतो, पण ऑगस्ट २०१९चा पूर आठवला की जरा जपून बोलतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. निम्म्या भागातली वीज गेलेली, आणि वीज नाही म्हणून नळाचं पाणीही नाही. पूरग्रस्तांना ठेवलेल्या एका मंगल कार्यालयात वस्ताद कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी, मोटारीतले चार्जर आणि आपल्या वायरींची पिशवी घेऊन जाऊन बसले. वहीत नंबर, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, म्हातारी माणसं आधी. चिखलीकडचे, आंबेवाडीचे लोक, घरं पाण्यात, आणि हातात एवढाच फोन. आजही त्यातलं कुणी बाजारात भेटलं की वस्तादांच्या पाया पडतं.

तरी मूळ स्वभाव जाईल कुठं? एका माणसानं रांगेत स्वतःची वायर पुढं केली. गुडघाभर पाण्यातून आलेला माणूस. वस्तादांनी वायर उजेडाकडं धरली आणि म्हणाले, "ही न्हाई लावायची. फोन जाईल. माझी घे." वर त्या माणसाची वायर जप्त करून पिशवीत टाकली.

वस्तादांची खरी कसोटी लागली ती मात्र गेल्या वर्षी. त्यांचा भाचा वकील. १८ ऑगस्ट २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं, आणि भाऊसिंगजी रोडवर काळ्या कोटांची गर्दी उसळली. भाच्यानं टॅबलेट घेतला होता, त्याला की-बोर्ड पाहिजे होता. त्यानं भाबडेपणानं मामाला विचारलं.

पहिल्या दुकानातला की-बोर्ड दिसायला सुरेख. वस्तादांनी उलटा केला आणि कडेचं भोक बघितलं. मायक्रो-यूएसबी! २०२५ साली! फोनला एक वायर आणि की-बोर्डला दुसरी, म्हणजे वकिलानं पक्षकार सांभाळायचा की वायरी? रिजेक्ट. दुसरा टॅबलेटच्या कव्हरलाच जोडलेला, पण मांडीवर ठेवला की मागचा टेकू घसरायचा. कोर्टात टेबल मिळेलच याची खात्री काय? रिजेक्ट. तिसऱ्याच्या कळा अशा कडाडायच्या की वस्तादांनी दुकानातच न्यायमूर्तींची नक्कल करून भाच्याला बाहेर काढलं. चौथा पेन्सिल सेलवर चालणारा. तो वस्तादांना मनापासून आवडला, कारण सेल कुठंही मिळतात, पण त्याचा जो बारका रिसीव्हर टॅबलेटला खोचावा लागत होता, त्यानं चार्जिंगचं एकुलतं एक भोक अडत होतं.

आणि मग मराठीचा प्रश्न. वकील जन्मल्यापासून इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणारा. वस्ताद म्हणाले, अर्जफाटे मराठीत करायचे तर इनस्क्रिप्ट शीक, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, पोरं शिकतात ती काय येडी हायत? पासष्टीच्या मामानं स्वतः शिकून दाखवलं. कळांवर देवनागरी छापलेली नसते, म्हणून त्यांनी कळांच्या आकाराचे स्टिकर आणले आणि चिमट्यानं चिकटवले. 'ळ' कुठं आहे हे शोधण्यात एक सबंध दुपार गेली. शिफ्ट धरून एन दाबला की येतो.

तेव्हापासून वस्तादांची की-बोर्डची एक ठरलेली परीक्षा आहे. त्यावर 'कोल्हापूर' टाइप करून बघायचं. भाषा बदलायची राहिली असेल तर इनस्क्रिप्टच्या त्याच कळांतून के-ए-एन-डी-यू-ई-एच-टी-जे उमटतं. जर्मनीतल्या एखाद्या स्टेशनचं नाव वाटावं असं. एका दुकानात भाषा बदलायची कळच सापडेना, तेव्हा विक्रेता वैतागून म्हणाला, "काका, इंग्लिशमध्ये लिहा की कोल्हापूर." वस्ताद काही न बोलता उठले. दुकानदाराला वाटलं सुटलो. पण ते दाराशी जाऊन चार गिऱ्हाइकांना कारण सांगून मगच गेले.

भाचा रडकुंडीला आला. "मामा, तारखा सुरू झाल्या. मी बोटानं काचेवर टाइप करतोय."

"आरं, बेंच मिळायला कोल्हापूर चाळीस वर्सं थांबलं," वस्ताद म्हणाले. "तुला की-बोर्डला चार महिनं थांबाय काय हुतंय?"

दिवाळी उलटल्यावर एक की-बोर्ड पास झाला. पास म्हणजे, "चालंल," एवढंच. त्यापुढं त्यांची जीभ रेटत नाही.

राजारामपुरीतल्या दुकानदारानं यातून एक युक्ती काढली. वस्तादांना टाळता येत नाही तर कामाला लावायचं. नवीन माल आला की तोच फोन करतो, "वस्ताद, या, तपासून द्या." वस्ताद यूएसबीचा मीटर घेऊन जातात. वायर मधे जोडली की किती व्होल्ट निघाले, किती पोचले, ते त्या छोट्या पडद्यावर दिसतं. पास वायरी दुकानात. नापास वायरीच्या मानेवर सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. त्या परत कंपनीला जातात, असं वस्तादांना सांगितलेलं आहे. जातात त्या महाद्वार रोडला, चाळीस रुपयांना एक, या भावानं गाड्यावर.

परवा वस्तादांकडं गेलो तर ओट्यावर मीटर, चष्मा, व्हर्नियर असा सगळा संसार मांडलेला आणि मधे एक पांढरी वायर. मानेवर लाल ठिपका.

"ही आपल्या घरात कशी आली?" ते आतल्या दिशेनं ओरडले.

"अंबाबाईला गेलेली तवा आणली," वहिनी आतून म्हणाल्या. "चार महिनं झालं. तुमचा फोनबी मी हिच्यावरच लावतो रात्री. भरतोय की."

वस्तादांनी वायर मीटरला लावली. आकडा बघितला. वायर उलटी करून लावली, पुन्हा बघितला. अडॉप्टर बदलला. मी डोकावलो, तर आकडा चांगला होता, त्यांनी पास केलेल्या वायरीपेक्षा थोडा सरसच.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मीटर काढून रुमालात नीट गुंडाळला आणि मला म्हणाले, "उद्या उद्यमनगरात जायला पायजे. मीटरचं कॅलिब्रेशन गेलंय."