एवढं विचारायला काय हरकत होती?

कोडमध्ये दुसऱ्या प्रोग्रामचं नाव लिहून मोकळं होणाऱ्या प्रोग्रामरला खुलं पत्र



तुमच्या प्रोग्रामचा सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे ती ओळ कोणी लिहिली हे मला माहीत आहे. तुमचं नाव मात्र इथे घेणार नाही. तीच चूक करणारे पुष्कळ आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांसाठी आहे.

आधी काय घडलं ते सांगते. माझे बाबा ७७ वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. आता काचबिंदूमुळे पांढरा झगझगीत पडदा त्यांना सोसत नाही. म्हणून त्यांच्या लिनक्स लॅपटॉपवर मी ओक्युलर हा वाचक प्रोग्राम बसवला आणि त्यात रंग उलटे करून दिले: काळा कागद, पांढरी अक्षरं. पीडीएफ असेल तर ओक्युलरमध्येच उघडायची, हेही सेटिंगमध्ये नोंदवून ठेवलं. जुन्या मासिकांचे स्कॅन ते रोज सकाळी दोन तास वाचत बसतात.

ते स्कॅन नीट लावून ठेवण्यासाठी मी तुमचा प्रोग्राम आणला. बाबांनी एका अंकावर क्लिक केलं. काहीच झालं नाही. काही चुकलंय असा संदेशही आला नाही. त्यांनी पुन्हा क्लिक केलं, मग तिसऱ्यांदा. संध्याकाळी मला म्हणाले, "हल्ली माझ्याच हाताला जमेनासं झालंय."

त्या वाक्यामुळे मी तुमचा कोड उघडला. पीडीएफ उघडण्याच्या जागी तुम्ही एका दुसऱ्याच वाचक प्रोग्रामचं नाव लिहून ठेवलं होतं. तो बाबांच्या लॅपटॉपवर नव्हता. 'असा प्रोग्राम इथे नाही' असं उत्तर सिस्टिमने तुमच्या प्रोग्रामला दिलं होतं, आणि ते उत्तर न वाचताच तुमचा कोड पुढे गेला होता. मग मी तो दुसरा प्रोग्रामही बसवून पाहिला. अंक उघडला, पण पांढऱ्याफेक पानावर. बाबांनी डोळे मिटून घेतले.

तुम्हाला फक्त एक प्रश्न विचारायचा होता: "या संगणकावर पीडीएफ कोण उघडतं, आणि मालकाची पसंती कोणाला आहे?" उत्तर तिथेच लिहून ठेवलेलं होतं. कुठे, ते सांगते, कारण ही व्यवस्था ज्यांनी बांधली त्यांचे कष्ट तुम्ही वाया घालवले आहेत.

लिनक्सवरचा खिडकीत चालणारा प्रत्येक नीट बांधलेला प्रोग्राम स्वतःबरोबर एक छोटी मजकूर फाइल आणतो. तिला डेस्कटॉप फाइल म्हणतात. तिच्यात प्रोग्रामचं नाव असतं, तो सुरू करायची आज्ञा असते आणि त्याला कोणत्या प्रकारच्या फाइली उघडता येतात त्याची यादी असते. प्रकारांची नावं माइम पद्धतीची. ही पद्धत १९९२ मध्ये ईमेलसाठी ठरली आणि पुढे सगळीकडे रुळली. फाइल पीडीएफ आहे की चित्र, हे नावाच्या नुसत्या शेपटावरून ठरवावं लागत नाही. आतली पहिली काही अक्षरं पाहूनही ते ओळखता येतं. केडीई या डेस्कटॉपमध्ये अशा शेकडो डेस्कटॉप फाइलींचा एकच गोषवारा तयार करून ठेवतात, म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर लगेच मिळतं. मालकाची पसंती त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत असते. बाबांच्या त्या फाइलीत पीडीएफसमोर ओक्युलर लिहिलेलं आहे. ती फाइल तुम्हाला दिसत होती.

केडीईने या व्यवस्थेला नाव दिलं ट्रेडर. आपल्याकडे बाजार समितीत अडत्या असतो, तसं याचं काम. शेतकरी माल आणतो, खरेदीदार काय हवं ते सांगतो, आणि दोघांची गाठ अडत्या घालून देतो. खरेदीदाराला गावोगावच्या शेतकऱ्यांची नावं पाठ असावी लागत नाहीत. उद्या नवा शेतकरी आला, जुना यायचा थांबला, तरी बाजार चालू राहतो.

ही कल्पना केडीईत आली नव्वदच्या दशकातल्या कोर्बा या व्यवस्थेतून. दूरदूरच्या संगणकांवरचे प्रोग्राम एकमेकांना कसे शोधतील, यासाठी कोर्बाने ट्रेडरची रचना आखली होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या केडीई प्रकल्पाने दुसऱ्या मोठ्या आवृत्तीची बांधणी कोर्बावर सुरू केली, पण तो डोलारा जड पडू लागला तसा १९९९ मध्ये सोडून दिला. ट्रेडरची कल्पना मात्र त्यांनी ठेवली. ऑक्टोबर २००० मध्ये केडीई २.० आलं ते केट्रेडर घेऊनच.

तुम्हाला तर नुसता प्रोग्राम हवा होता. केट्रेडर त्याहून पुढचंही देत होता. केपार्ट्स या पद्धतीत एखादा घटक दुसऱ्याच्या खिडकीत जाऊन बसू शकतो. कॉन्करर हा ब्राउझर याचं उत्तम उदाहरण. प्रत्येक प्रकारची फाइल दाखवायचं ज्ञान त्याच्या स्वतःच्या पोटात नव्हतं. फाइलीचा प्रकार ओळखायचा, 'हे दाखवू शकेल आणि माझ्या खिडकीत बसू शकेल असा घटक दे' असं मागायचं, आणि मिळेल तो घटक जागेवर बसवायचा. मागणीला अटी जोडता येत: हे आणि ते, हे किंवा ते, अमुक नको. उद्या कोणी नव्या प्रकारच्या चित्रासाठी घटक लिहिला, तर कॉन्कररची एकही ओळ न बदलता ते चित्र त्यात दिसू लागे. आज जन्माला न आलेल्या प्रोग्रामसाठीही जागा राखून ठेवणारा कोड तो होता. तुमचा कोड बाबांच्या लॅपटॉपवर आधीपासून असलेल्या प्रोग्रामलाही ओळखत नाही.

ही जुनी गोष्ट झाली, असं तुम्ही म्हणाल. नावं बदलली हे खरं. २००८ च्या केडीई ४ मध्ये केट्रेडरचे दोन भाग झाले, एक फाइलींच्या प्रकारांसाठी आणि एक सेवांसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहावी पिढी आली तेव्हा ते दोन्ही गेले. पण प्रोग्राम शोधायला केॲप्लिकेशनट्रेडर आहे. प्रकार सांगा, तो यादी देतो. पसंतीचा एकच मागा, तो एक देतो. इतकंही करायचं नसेल तर एक्सडीजी-ओपन या आज्ञेला फाइलीचा पत्ता द्या, पुढचं ती बघते. फ्लॅटपॅक या पद्धतीत बंदिस्त खोलीत चालणाऱ्या प्रोग्रामसाठीसुद्धा हीच विनंती बाहेर पोहोचवणारं पोर्टल आहे. पर्याय इतके असताना तुम्ही एक नाव लिहिलंत.

तुमच्यावर माझा दुसराही आरोप आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. डेस्कटॉप फाइलीत पसंतीचा एक आकडा लिहिता येतो. मालकाने स्वतः काही निवडलेलं नसेल, तर केडीई हा आकडा पाहून कोणाला पुढे बोलवायचं ते ठरवतं. तुमच्या प्रोग्रामचं खरं काम कागदपत्रं लावून ठेवण्याचं. तरीही तुम्ही चित्रांचे सगळे प्रकार यादीत घातलेत आणि तो आकडा उंच ठेवलात. बाबांनी चित्रांसाठी काही निवडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नातवाचा फोटो उघडायला गेले तर समोर तुमची खिडकी आली. दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही आणि स्वतःला मात्र सगळ्यांच्या पुढे उभं करायचं, ही अप्रामाणिक वागणूक आहे. ही व्यवस्था प्रत्येकाने आपल्याबद्दल खरं लिहिण्यावर चालते. अडत्याकडे प्रत्येक जण आपला माल पहिल्या प्रतीचा म्हणून मिरवू लागला, तर बाजाराचा विश्वास उडतो आणि नुकसान गिऱ्हाइकाचं होतं.

मी तुम्हाला दुरुस्ती पाठवली. तुम्ही उत्तर दिलंत, "आमच्याकडे चालतं." तुमच्याकडे चालणारच, कारण ते नाव तुमच्याच संगणकावरचं आहे. दुरुस्ती नाकारताना तुम्ही आणखी एक कारण दिलंत: त्या वाचकाला ठरावीक पानावर उघडता येतं, ती सोय तुम्हाला हवी होती. कारण रास्त आहे. मग ती सोय अट म्हणून मांडा. मालकाच्या पसंतीच्या प्रोग्रामला ते जमत असेल तर त्याला बोलवा. जमत नसेल तर पहिलं पान उघडा आणि तसं सांगा. कोणीच सापडलं नाही तर स्पष्ट लिहा की ही फाइल उघडणारा प्रोग्राम या संगणकावर नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. डेस्कटॉप फाइलीत प्रत्येक भाषेतल्या नावासाठी वेगळी ओळ असते. केडीईच्या कित्येक प्रोग्रामांच्या फाइलींत मराठीची ओळ आहे, स्वयंसेवकांनी एकेक करून भरलेली. तुम्ही प्रश्न विचारला असता तर बाबांना पर्याय मराठीत दिसले असते. कोडात गाडलेल्या नावाला कोणतीच भाषा कळत नाही.

म्हणून तीन मागण्या करते. ती ओळ काढा आणि तिथे प्रश्न घाला. तुमच्या डेस्कटॉप फाइलीत तुम्हाला जे खरोखर जमतं तेवढंच ठेवा. आणि सिस्टिमने 'नाही' म्हटलं तर ते माणसापर्यंत पोहोचवा.

बाबांच्या लॅपटॉपवर मी तुमचा कोड माझ्यापुरता बदलला आहे. आता अंकावर क्लिक केलं की काळ्या पानावर पांढरी अक्षरं येतात. चूक त्यांच्या हाताची नव्हती, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. ते त्या पहिल्याच दिवशी, पहिल्या क्लिकला, तुमच्या प्रोग्रामने सांगायला हवं होतं.

कळावे,
एका वाचकाची मुलगी